पाटीवरचं आणि वहीतलं

— न्हाय न्हाय मारुतीराव, वही देत न्हाय असं कुठं म्हटलं मी? देतो की. बसा तर खरं. बेळगावास्नं एवढ्या लांब आलासा, त्यात ती कोळशावरची मोटार — लढाई लागल्यापासनं पेट्रोल न्हाय म्हणत्यात, चढ आला की माणसं उतरवून ढकलाय लावत्यात — ताक घ्या. आमच्या सुनेनं, चंदनानं केलंय. बरं लागतंय? पहिल्यासारखं न्हाय, पर बरं हाय. शेतकी खात्याला माझी वही छापायची म्हंजे लईच झालं. तंबाखूची बावीस वर्षं हाईत त्यात. वर काय घालणार म्हणालासा? 'निपाणीचे पारिसा चौगुले यांचे अनुभव'? ते नावाचं जरा — राहू द्या, मागनं बोलू. तुमची जुनी डायरी आणलासा न्हवं? सांगावा धाडलता मी. आणलीया? बरं केलासा.

कशी ठेवली म्हणून इचारता? सोपं हाय. ही पाटी बघा, हिला भोक पाडून सुतळी घातलीया. दिवसभर माझ्या संगं. जे दिसंल, जे कानावर यील ते सगळं हिच्यावर — वारा कुठला, दव किती, शेजारच्यानं खत काय टाकलं, बाजारात कोण काय म्हणालं — निवडत बसायचं न्हाय, निस्तं उतरवायचं. मग सांजेला. आमचं जेवण दिस मावळायच्या आत, त्याच्या मागनं जरा उजेड असतोय, तवा पाटी घेऊन बसायचं. पंधरा गोष्टी असल्या तर एक, न्हाय तर दोन वहीत जायच्या. पुढच्या साली हे उपेगी पडंल काय? — एवढंच मनाला इचारायचं. पडंल, तर वहीत. न्हाय, तर पुसून टाकायचं. लोक सगळंच लिवून ठेवत्यात आणि मग पायजे ते सापडत न्हाय त्यांस्नी. मी सुपात घेतल्यासारखं करायचो, फोल उडवायचं, दाणा ठेवायचा. बावीस वर्षं. एक दिवस चुकला न्हाय.

आता खरं सांगू? ह्यातलं निम्मं — निम्मं कशाला, बारा आणे — माझ्या डोळ्यानं बघितलेलं न्हवं. मी वखारीत, न्हाय तर बाजारात. रानात ती. माझी घरातली. चिकोडीकडची, बोलाय लागली की निम्मं कानडी. सांजेला ती चुलीजवळनं बोलायची आणि मी पाटीवर उतरवायचो. पानामागं हाताला चिकट लागलं की चौथ्या दिवशी मावा, ती कीड, धरतोय — बारावं पान काढा, हाय न्हवं? ते तिचं. वरच्या तुकड्यात रोपं सांजेलाच लावायची, सकाळी लावली की मान टाकत्यात — ते बी तिचंच. तिचं नाव कुठं हाय म्हणता? न्हाय. कुठंच न्हाय. नावाचा उपेग काय हुता? आणि घरच्या बाईचं नाव कोण घेतंय आमच्यात.

गेली. व्हय, दोन वर्षं झाली. तुम्हांस्नी कळलं न्हाय? कळवणार कोण, कळवणारा मीच. डाव्या कुशीत दुखतंय म्हणून आडवी झाली ती उठंचना. बेळगावच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी इचारलं, कधीपासनं दुखतंय? मारुतीराव, वीस वर्षांमागं कुठल्या तिथीला गारा पडल्या ते मला इचारा, सांगतो. पर मी म्हटलं — आठ दिवस झालं असतील. ती खाटेवर, डोळं मिटलेलं. तशीच म्हणाली, "न्हाय, गेल्या साली रोपं लावली तवापासनं." मग डोळं उघडून माझ्याकडं बघून — "तुम्हांस्नी सांगितलं हुतं की." रागानं न्हाय. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. डॉक्टर म्हणाले, तवाच आणली असती तर कायतरी करता आलं असतं. एकुणीस दिवस जगली त्याच्या मागनं.

घरला आलो आणि वही काढली. दिवस सापडला — माझ्या वहीत सापडणार न्हाय असं हुईल काय? 'रोपं लावली. वारा पूर्वेचा. पाऊस बेताचा. काल सांजेला लावलेली सगळी तगली.' संपलं. मी पोराला सांगितलं, सुनेला सांगितलं, बस्तीत, आमच्या जैन देवळात, चार लोकांस्नी सांगितलं, की मला ऐकूच आलं न्हाय, भांडी वाजत हुती, ती काय म्हणाली कुणाला ठावं. तुम्हांस्नी बी तेच सांगणार हुतो आता. पर — ऐकलं हुतं मी. ऐकलं आणि लिवलं. पाटीवर, खालच्या अंगाला, सातवी का आठवी ओळ — 'कुशीत दुखतंय म्हणते.' मग बसलो रोजच्यासारखा निवडाय. पुढच्या साली उपेगी पडंल काय? न्हाय. आणि पाटी तिच्याच हातात दिली. रोज तीच पुसायची, ओल्या फडक्यानं. वाचाय येत न्हवतं तिला. इचारली बी — "माझं लिवलासा न्हवं?" मी म्हटलं, व्हय. खोटं न्हवतं, लिवलंच हुतं की! आणि तिनं पुसून टाकली.

ती न्हवं — ती न्हवं, ती पातळ वही ठेवा खाली. तुमची ती जाड. हिच्यात तंबाखूचं काय न्हाय. — बरं, उघडलासाच तर बघा. पयल्या पानावर नाव हाय, पद्मावती. चाळीस वर्षं संसार केला, ती गेल्यावर पयल्यांदा लिवलं. तिचं जे बोलणं आठवंल ते हिच्यात घालायचं, निवडायचं न्हाय, कामाचं हाय का न्हाय ते बघायचं न्हाय. दोन वर्षांत किती झालं? अकरा ओळी. अकरा! रोज सांजेला बोलायची बाई. मला बावीस वर्षांचा पाऊस आठवतोय आणि तिचं आठवत न्हाय. 'इर्ली बिडरी' — असू द्या, सोडा — ती तिसरी ओळ, सारखं म्हणायची. 'शेवग्याला औंदा फुलं लई' — ही नववी. कुठल्या सालचा शेवगा, देव जाणे. सुनेला इचारलं, आठवतंय काय गं तुला? ती म्हणाली, "मामंजी, सासूबाई तुमच्याशीच बोलायच्या की सगळं."

म्हणून सांगावा धाडला तुम्हांस्नी. लढाईच्या आदल्या साली आलतासा, ध्यानात हाय? त्या लिंबाखाली बसलतासा, मी वखारीतनं यीस्तोवर घटकाभर. लांबनं बघितलं मी — ती हात हलवून हलवून बोलत हुती, तुम्ही हसत हुतासा, आणि खिशातली डायरी काढून लिवत हुतासा. काय म्हणाली ती? कशाला हसलासा? एक वाक्य द्या, कसलं बी चालंल, मी बारावी ओळ घालतो. मग ती माझी जाड वही तुमची. डायरी बघा की. चष्मा देऊ माझा? सावकाश बघा, घाई न्हाय. — गावलं? हेच पान? वाचा. 'चौगुले मळा. पाच एकर. विहीर बारमाही. रोप जोमदार. मावा ओळखण्याची रीत उपयुक्त.' हं. पुढं? — मागच्या पानावर बघा. — त्याच्या मागच्या?

न्हाय.

तुम्हांस्नी बी आठवत न्हाय. सहा वर्षं झाली, कसं आठवंल. माफी कसली मागता मारुतीराव, बरोबर हाय तुमचं. कामाचं तेवढं लिवलासा. मी बी तेच केलं असतं.

ही घ्या वही, फडक्यात बांधा, वाटंत भिजंल. छापताना वर तिचं नाव घालता यील काय? — साहेबांस्नी इचारावं लागंल? इचारा. जावा आता. मोटार चुकंल तुमची.