दस्तगीरच्या मागचं चाक

मंडळी, ऐका. टाळ जरा खाली ठेवा. आज मी अभंग घेतलेला नाही. निवडून आणला होता, चांगला चार चरणांचा. पण तुमचे हे तातोबा अण्णा, पखवाजावर बसलेत, हसतायत बघा, यांनी दुपारी जेवताना माझ्या डोक्यात किडा सोडला! अण्णा मोबाईलवर काय बघतात? भजन? छे! परदेशातल्या सायकलच्या शर्यती बघतात. आणि मला विचारतात, "बुवा, दोन गडी आहेत. एक शेवटपर्यंत दुसऱ्याच्या मागं दडतो आणि दोनशे मीटर राहिले की उसळून बाहेर येतो. दुसरा लांबूनच सुटतो, सगळा वारा अंगावर घेतो, आणि शेवटाला मार खातो. दोघांत मोठा कोण?"

मी म्हटलं, अण्णा, आमटी वाढा.

पण घास गेला नाही हो. कारण हा प्रश्न मी सव्वीस वर्षं पोटात घेऊन हिंडतोय. कीर्तनकारानं उत्तर घेऊन उभं राहायचं असतं. मी आज प्रश्न घेऊन उभा आहे — जिंकलेलं कुणाचं? जो पुढं गेला त्याचं, की ज्यानं पुढं नेलं त्याचं?

तर ऐका. आमच्या मिरज भागात दोन सायकलवाले होते. एक सयाजी खरमाटे, एक दस्तगीर मुल्ला. एकाच संघातले, एकाच ताटात जेवणारे. आता सायकलच्या शर्यतीत खरा वैरी कोण? शेजारचा गडी? नाही, मंडळी. वारा! पुढं असतो तो वाऱ्याला छाती देतो. त्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवून जो बसतो, त्याला बळ कमी लागतं. आयाबायांना सांगायला नको. घरात पुढं कोण असतं आणि आडोशाला कोण बसतं, त्यांना पाठ आहे.

दस्तगीर पुढं, सयाजी मागं. अकरा वर्षं! शेवटाला दोनशे मीटर राहिले की रस्त्यावर चुन्याची आडवी रेघ मारलेली असायची. रेघ आली की दस्तगीर डावीकडं सरायचा, पाय सैल सोडायचा आणि ओरडायचा, "जा!" की सयाजी सुटला! तेवढ्या दोनशे मीटरात त्याला धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. ढाल सयाजीला, हार सयाजीला. दस्तगीर मागाहून सातवा-आठवा येणार, सायकल भिंतीला लावणार आणि विचारणार, "आला न्हवं पयला?"

आता करा हिशेब. सयाजीचे एकोणीस पहिले नंबर. दस्तगीरचा एकही नाही. मग मोठा सयाजी? थांबा! त्या एकोणिसातले सतरा दस्तगीरच्या पाठीमागून आले. मग मोठा दस्तगीर? थांबा! एक वर्ष दस्तगीरचं खांद्याचं हाड मोडलं होतं. त्या वर्षी सयाजी एकटाच उतरला आणि दोन शर्यती मारल्या. मग सयाजी? थांबा की हो! पुढच्या वर्षी दस्तगीर एका शर्यतीत दुसऱ्याच गड्याला घेऊन निघाला, रेघेपर्यंत सगळ्यांच्या पुढं आणून सोडला, आणि तो गडी पाचवा आला. मग काय म्हणायचं? अण्णा, तुम्ही सांगा. मान हलवताय. कुठल्या बाजूला हलवताय तेही कळत नाही.

असं चालता चालता दस्तगीर एकोणतीस वर्षांचा झाला. आणि एका सरकारी खात्यानं खेळाडूंसाठी एक जागा काढली. एकच! जत ते मिरज शर्यतीत पहिला येईल त्याला कायमची नोकरी. वयाची अट तिशी. सयाजीला असली नोकरी आधीच लागलेली. दस्तगीर दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढायचा. पुढच्या वर्षी तो वयातून बाद. म्हणजे हीच एक शर्यत, नाहीतर जन्मभर पंक्चर.

सयाजी त्याच्याकडं गेला. म्हणाला, "लेका, ह्या बारीला मी म्होरं. तू मागं बसायचं. रेघंवर मी डावीकडं सरतो, तू सरळ सुटायचं."

दस्तगीर म्हणाला, "मला न्हाई जमायचं सया. मागं बसल्यालो न्हाई कधी."

"त्यात काय जमवायचं? बसायचंच हाय की!"

बघा मंडळी, आपल्याला वाटतं बसणं सोपं.

शर्यत निघाली. कवठे महांकाळपर्यंत साठ जण, पुढं वीस, मिरजेच्या वेशीवर तिघं उरले. सयाजी पुढं, दस्तगीर मागं. आणि त्याच्या मागं एक तिसरा. हा तिसरा कोण? नावाजलेला? अजिबात नाही. साऱ्या रस्त्यात एकदा पुढं आला नाही. सयाजीनं हातानं खुणावलं, ये की बाबा, घे जरा वारा. तर हा पठ्ठ्या खाली मान घालून दम लागल्याचं सोंग करतोय! आमच्यात अशाला जळू म्हणायचे. गाडीखालच्या कुत्र्याला निदान वाटतं तरी, की गाडी आपण ओढतोय. याला तसंही वाटत नव्हतं.

हसा, हसा. मोकळेपणानं हसा.

चुन्याची रेघ आली! सयाजीनं जीव तोडून वेग दिलेला. रेघेवर तो डावीकडं सरला. रस्ता मोकळा! पुढं दोनशे मीटर, कमान, माणसं, नोकरी! दस्तगीरनं काय करायचं होतं? सरळ सुटायचं होतं. इतकंच.

मंडळी, दस्तगीर डावीकडं सरला. पाय सैल सोडले. अकरा वर्षं त्या रेघेवर त्याचं काम संपत होतं, ते त्या दिवशीही संपलं. डोकं सांगत होतं सूट, पण पायांनी डोक्याला विचारलंच नाही. आणि सरता सरता, नेहमीसारखी मान मागं वळवून, तो ओरडला —

"जा!"

मागं कोण होतं? सयाजी? सयाजी तर बाजूला, हँडलवर डोकं टेकून. मागं होता तो तिसरा. दस्तगीरनं त्याच्या डोळ्यात बघून 'जा' म्हटलं. आणि तो गेला. पहिला आला.

तो तिसरा मी.

आता का हसत नाही? मघाशी हसत होता की. होय, मीच ती जळू. ती नोकरी मी केली, चोवीस वर्षं. पोरींची लग्नं त्या नोकरीवर झाली. मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि वीणा गळ्यात घातली. लोक पाया पडतात. मंडळी, पाया पडून घेताना मला लाज वाटते.

काय चुकलं माझं, सांगा ना. नियम मोडला? नाही. मागं बसणं नियमात आहे. धक्का दिला? नाही. उलट त्यानंच मला जा म्हटलं! मग चोरी झाली का दान झालं? चोरी म्हणावी तर मालकानं हातानं दिली. दान म्हणावं तर देणाऱ्याला ठाऊकच नव्हतं, तो काय देतोय. ग्रंथ चाळले, मोठ्या मोठ्या महाराजांना विचारलं. एक म्हणाले, प्रारब्ध. दुसरे म्हणाले, विसरा. मला नाही विसरता आलं.

त्या दिवशी हार गळ्यात पडला आणि मी तसाच पळून गेलो. दस्तगीरच्या समोर गेलो नाही. सव्वीस वर्षं मिरजेत राहून त्याच्या गल्लीतून गेलो नाही! लांबचा रस्ता धरायचो. शेवटी गेल्या महिन्यात धीर केला. सायकलचं तेच दुकान, तोच पंक्चर काढणारा. दाढी पांढरी झालीय, बोटं काळी आहेत. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसला होता. मला ओळखलं. म्हणाला, "ये की सदा. बुवा झालास म्हणं."

मी पायरीवर बसलो. सगळं बोललो. रडलो, खोटं कशाला सांगू. आणि विचारलं, "दस्तगीर, मला जा का म्हणालास? मागं सयाजी नव्हता. तू बघितलंस ना, मी होतो."

त्यानं ट्यूब पुसली. म्हणाला, "बगितलं की."

"मग?"

"मग काय? मागं कोण हाय ते बगून म्हणायचं आसतंय व्हय?"

आणि ठिगळ लावायला लागला. त्यानं चहा मागवला, आम्ही प्यालो, मी उठलो.

मंडळी, हे माफ केलं का मला? की मला चपराक मारली? की त्याच्या दृष्टीनं त्यात काहीच नव्हतं, आणि मी उगाच सव्वीस वर्षं लांबच्या रस्त्यानं गेलो? मला कळलेलं नाही. कळलं असं सांगितलं तर ते खोटं कीर्तन होईल.

पण तुम्ही नुसती माझी गंमत बघू नका. तुम्ही आज इथं आरामात बसलाय. शेताला पाणी कोण धरतंय? म्हाताऱ्या सासूला दवाखान्यात कोण घेऊन गेलंय? तुमची नोकरी, तुमचं घर, तुमचं नाव, यातलं किती अंतर तुम्ही स्वतः वारा खाऊन काढलंत? नुसतं आठवा. आणि ज्याची पाठ आठवेल, त्याच्या गल्लीतून जात जा. माझ्यासारखा वळसा घेऊ नका.

चला, उशीर नको. टाळ उचला, अण्णा, ठेका धरा. रोज मी आधी देवाचं नाव घेतो आणि तुम्ही मागून म्हणता. आज माझ्यानं पुढं उभं राहवत नाही. मी तुमच्या मागं येऊन उभा राहतो. तुम्ही आधी म्हणा, मी मागून म्हणेन.

म्हणा की. कोण सुरू करतंय?