तो गुलाल नव्हता, सर

कार्यक्रमाच्या अध्यक्षा सरपंच पुष्पावतीताई, सोनईहून आलेले केंद्रप्रमुख साहेब, आज सेवानिवृत्त होणारे आमचे सत्कारमूर्ती हनुमंत सर, गुरुजन, आणि मांडवात उन्हाकडं पाठ करून बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी आदिनाथ. शिक्षण सहावी, तीही अर्धी. हिमाचलात, लाहौलच्या डोंगरात रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो. थंडीत बर्फानं काम बंद, म्हणून गावी आलोय. सरांबद्दल चार चांगले शब्द बोल म्हणालात. बोलतो. शाळेच्या भिंतीवर गावच्या पक्ष्यांची यादी सरांनी केली. एकेचाळीस नावं! पंचक्रोशीत अशी दुसरी भिंत दाखवा. उद्या ती यादी सरांच्या नावानं ग्रॅनाइटवर कोरायला कारागीर येतोय.

पण सर, त्यात एक पक्षी कमी आहे. हसू नको ज्योती, तू माझ्या मागच्याच बाकावर होतीस.

सहावीत असताना आमच्या ज्वारीत थवा उतरला. सगळे मातकट, एकच डोक्यापासून छातीपर्यंत लाल. तो कुंपणाच्या जाळीत अडकला. मी टोपीत घालून वर्गात आणला, म्हणालो, यादीत लिहा. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीचा निकाल लागलेला. गावात म्हशीसुद्धा लाल. सर म्हणाले, "चिमणीला गुलाल फासून आणलास व्हय रे?" नळाखाली धरला. रंग जाईना. तेव्हा काय म्हणालात, सर? "औंदा गुलालच भेसळीचा हाय!" पक्षी ओल्या पंखांनी उडून गेला. मी तीन दिवस प्रार्थनेला खोटारडा म्हणून उभा होतो.

तोच पक्षी मला अकरा हजार फुटांवर भेटला. पुस्तकात त्याला रोझफिंच म्हणतात. आमच्या कॅम्पमागं रानगुलाबाचं झुडूप आहे. जूनमध्ये मादी एकटी त्यात घरटं विणते, निळी अंडी घालते, एकटीच उबवते. नर शेंड्यावर शीळ घालतो. बर्फाआधी ते खाली उतरतात आणि थंडीत आपल्या ज्वारीवर येतात. मातकट असतात त्या माद्या आणि कोवळे नर. नराला पहिल्या वर्षी लाल रंग येतच नाही. तरी तो गातो, जोडी जमवतो. मशीन बंद करून बघितलंय मी. तीन उन्हाळे.

मला माफी नको, सर. हारतुरे तुमचेच. मला बेचाळिसावं नाव पाहिजे, दगडावर, आणि उद्याच्या आत.

काय म्हणालात? मोठ्यानं बोला सर, मांडवाला ऐकू द्या. "पुरावा काय?" बरोबर. मोबाईलमधला फोटो दाखवला तर म्हणाल, तिकडचा आहे. म्हणून पहाटेच बघून आलो. केशरबाई काकूंच्या ज्वारीत अकरा बसलेत, दोन लाल. चालत दहा मिनिटं. केंद्रप्रमुख साहेब, घड्याळ काय बघता, तुम्हीही चला. जेवण थांबेल, पक्षी थांबायचे नाहीत.

उठलात सर? शाल राहू द्या अंगावर, वारं गार आहे.

मंडळी, अर्ध्या सहावीच्या माणसाच्या हातात माईक दिलात, आभारी आहे. आगाऊपणा झाला असेल तर तो लहान समजून पोटात घाला. बेचाळिसावं नाव मात्र पोटात घालू नका. आणि पाय जरा उचला. दुपारपर्यंत गोफण मारू नका म्हणून काकूंना सांगून ठेवलंय, त्या आधीच माझ्यावर तापल्यात.