‘येतो म्हणावं’ कागदावर नव्हतं

…आणि वर मलाच शिकवतो! काय तर म्हणे, “सर, ती ओळ लेखकाचीच, आमच्याकडे माहिती आहे.” अरे, मालिकेतला जावई मी, सेटवर घामाघूम झालेला मी, आणि माहिती या चॅनेलवाल्याकडे! जुन्या मालिकांच्या पडद्यामागच्या गमती दाखवणारेत म्हणे. दाखवा की! पण तुम्हाला सांगतो, कागदावर नव्हतं हो ते!

कुठली मालिका म्हणून काय विचारता? ‘सासूबाई आत आहेत’! त्या ‘आत’ची गंमत सांगू? सासूबाई सारख्या चहा टाकायला आत जायच्या ना, तिथे स्वयंपाकघर नव्हतंच मुळी! प्लायवूडची भिंत, मागे एक उलटा खोका, आणि त्या एवढ्याशा खोक्यावर पुढच्या प्रवेशाची वाट बघत सासू आणि जावई, श्वास रोखून! समोर प्रेक्षक बसलेले, शिंकायचीसुद्धा चोरी. बाहेर माझा उद्धार करणारी ती बाई आत स्वतःच्या रुमालाने माझा घाम टिपायची… काय दिवस होते हो! तर काय सांगत होतो? हां, ओळ!

पहिला भाग. शेवटी एक लांबलचक, झणझणीत वाक्य फेकून मी दाराबाहेर पडायचं. आणि वाक्य गुल! डोकं कोरं! दिग्दर्शक आधीच म्हणत होता, “हा नको, दुसरा बघा.” माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “बरं… जातो मी.” संपलं! गेलं काम हातचं! तेवढ्यात मागून सासूबाई कडाडल्या, “जातो काय? येतो म्हणावं!” अहो, काय हशा! कॅमेरामन इतका हसला की चित्र हललंय, आजही बघा. मग काय, दर भागात मी ‘जातो’ म्हणायचं आणि त्यांनी ओरडायचं. पण कागदावर नव्हतं हो ते! त्या बाईने मला तारलं, आणि नाव लेखकाचं?

या चॅनेलवाल्याला म्हटलं, चल, त्यांच्याच तोंडून ऐक. गेलो कॅमेरा घेऊन. सासूबाई थकल्यात आता, खुर्चीतच असतात. मला बघताच, “या जावईबापू! हात हलवतच आलात?” हा विचारतो, “मॅडम, ती ओळ कोणाची?” तर म्हणतात कशा, “कोण जाणे बाबा. मी आपली ओरडायचे.” घ्या! मी इकडे भांडतोय कुणासाठी?

निघताना मुद्दामच म्हटलं, “सासूबाई, जातो मी.” बाई पदर सावरण्यात दंग. म्हटलं, विसरल्या की काय? तर चष्म्यावरून बघत म्हणतात, “जा बाबा एकदाचा! इतकी वर्षं येतो म्हणायला लावलं, तर मेला दर वेळी आलाच!”

मी हसतोय, डोळे पुसतोय, कॅमेरावाला पोट धरून खाली बसलाय… आणि हा पठ्ठ्या माइक पुढे करून मला विचारतो, “वा सर! हे कुणी लिहून दिलं होतं?”