काकवीचा चिखल

हॅलो? कोण?… पुण्यासनं ट्रंक कॉल? जोडा की बाई… हां, हॅलो! मॅनेजरसाहेब? त्र्यंबकराव? मी जोतीराम पेंटर, स्टुडिओतनं… व्हय, व्हय, येतंय ऐकू. वरडू नका.

झालं की! पुराच्या शॉटचं गाव तयार हाय. एक मी केलेलं, एक त्या सयाजीनं. घरं वितभर-वितभर, दोन्ही गावं टेबलावर मांडल्यात… उद्या कॅमेऱ्यापुढं कुठलं लावायचं? हे काय इचारणं झालं? माझं!

का म्हंजे? अवो, बावीस वर्सं भिंती मळवतोय मी. चुलीचा धूर, शेणाचा सडा, पावसाचे वघळ, सगळं ह्या हातानं. आन त्यो गडी परवा कामाला लागलाय… कोण म्हणालं त्याचं चांगलं हाय? गणपतराव कॅमेरावाले? त्यास्नी काय कळतंय?… बरं, कळतंय. कळतंय म्हणा.

ऐका तर! काल आमची तानाबाई डबा घिऊन आलती. सयाजीच्या गावापुढं हुबी ऱ्हायली आन म्हणली, “अगंबया, ही तर माझ्या माहेरची गल्ली! हितंच पाय घसरतोय बघा.” आन माझ्या गावाला काय म्हणली ठावं हाय? “छान रंगवलंय.” रंगवलंय! माझी बायको हाय ती!… हसू नका, त्र्यंबकराव. जळतंय माझं. व्हय, जळतंय!

न्हाय, न्हाय… त्याचं लावताच येत न्हाय. मुंग्या लागल्यात… मुंग्या हो, मुंग्या! चिखल ओला दिसाय पायजे म्हणून काकवी फासलीया. दारादारातनं मुंगळं निघायल्यात. कॅमेऱ्यात म्हशीएवढं दिसतील… व्हय, सयाजीच्याच गावाला. त्याच्या घरचं गुऱ्हाळ हाय न्हवं? दुसऱ्या कुणाला सुचणार असलं?

काय म्हणतासा?… काढून टाकायचं? एकदम?… अवो, एवढं कशाला! समज द्या की… उद्यापासनं येऊ नको म्हणून मीच सांगू त्याला? मी?… थांबा, थांबा. तसं न्हाय ते…

फोनवर बोलवू? येणार न्हाय हो त्यो. हात गुतलाय त्याचा. मुंग्या काढतोय. ब्रशाच्या टोकानं, एकेक… सकाळधरनं पाणीसुदिक प्यालेला न्हाय…

त्याच्या गावाच्या न्हाय हो! माझ्या! माझ्या गावाला लागल्यात मुंग्या! ऐकतासा न्हवं? त्याचा चिखल बघून मला वाटलं, हेनं काकवीच घातली असणार. इचारायचं कसं त्याला? मी त्याचा वस्ताद न्हवं का! आज सकाळी डबाभर काकवी आणून मीच फासली. आन त्यानं नुसता डिंक घातलाय, डिंक!… त्याच्या गावाला एक मुंगी न्हाय, त्र्यंबकराव. खोटं बोललो मी… हॅलो? हॅलो!

बाई! लाईन का तोडली?… तीन मिनिटं झाली? कवा झाली?… माझं शेवटचं गेलं का तिकडं?… व्हय, तुमाला कसं ठावं असणार…

न्हाय… न्हाय, ठिवू नका बाई. पुण्याला त्याच नंबराला परत जोडा. अर्जंट… थांबतो की. हितंच थांबतो… नाव? जोतीराम लिवा. न्हाय, दुसरं कुणी न्हाय. मीच बोलायला पायजे.