विमान हिरडबोडीवरून न्या

नाई, तुमीच सांगा! विमान उडवायचं ईश्वरले, कॉम्प्युटर घ्यायचा ईश्वरले, बुढी माय ईश्वरची... अन् पवनी ते भंडारा यस्टीच्या मागच्या सीटवर, बुढीची पिशवी मांडीवर घेऊन उसळत कोण गेला? मी! हेमराज! शेजारी हाय ना, शेजाऱ्याचा जन्मच त्याच्यासाठी! अन् पिशवीत काय असन म्हणता? डबा? पाण्याची बाटली? कुलूप! लोखंडी, हे एवढं, दोरीनं किल्ली बांधलेली. म्हणलं, काकू, आपण कॉम्प्युटर घ्याले जाऊन राहिलो, कुलूप कायले? तं बुढी, चंद्रभागाबाई, माह्याकडे अशी पाहाले लागली जसा मीच येडा, अन् म्हणे, "घर उघडं हाय ना, बाबू."

आता हे घर कोणतं, ते ऐका. आमचं गाव हिरडबोडी. धरणाच्या पाण्याखाली गेलं, लय वर्षं झाले, आता त्याच्यावरून मासोळीवाल्यांचे डोंगे चालतात. गाव उठलं तवा ज्यानं त्यानं आपलं घर सोडवलं... छपराचे कवेलू काढले, लाकडी फाटे काढले, दारं-खिडक्या ट्रॅक्टरवर टाकल्या, म्हणलं पुनर्वसनात कामी पडन. ईश्वरनं आपल्या हातानं दार काढलं, चौकटीसकट, अन् त्याच ट्रॅक्टरवर दाराच्या बाजूले मायले बसवलं. नव्या जागी सामान उतरवलं, बुढीनं दारावर हात फिरवला अन् म्हणे, "दार तं इथं हाय... मंग घर उघडंच राहिलं?"

झालं! तवापासून जे लागलं ते लागलं! जेवता जेवता घास खाली ठेवते, घर उघडं हाय ना. कोणाच्या लग्नात अक्षता टाकता टाकता, घर उघडं हाय ना. ईश्वर पयले हसे, मंग चिडे, मंग समजावे, "माय, घर पाण्यात हाय, चोर काय पोहत येईन?" तं म्हणे, "चोराचं कोण म्हणते? आपलं कोणी आलं तं ठोठावन कशावर?" तुमाले सांगतो, भर दुपारी अंगावर काटा आला माह्या! आपलं कोणी म्हणजे कोण, हे विचाराची हिंमत ना ईश्वरची झाली, ना माही. त्याचा बाप त्याच घरात वारला होता ना.

तरी इथवर हसण्यावारी नेलं आमी. पण मागच्या पावसाळ्यात बुढी दिसेचना. सारं गाव शोधत फिरलं. सापडली कुठं, तं धरणाच्या काठाले, कमरेइतक्या पाण्यात, सरळ समोर पाहत चालून राहिलेली, अशी आरामात, जशी आठवडी बाजारातून घरी जाऊन राहिली! ईश्वरनं ओढून काढली तं त्याच्यावरच तापली, "पोहोचलीच होती मी, काहून अडवलं?" त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. माय पाणी प्याले उठली का हा उठे. मले म्हणे, "हेमराज, एक दिवस माहा डोळा लागन, अन् माय पाण्यात जाईन." अन् हे काई त्यानं रडत नाई सांगतलं बरं, विडी पेटवता पेटवता सांगतलं, म्हणून जास्त लागलं.

अन् मंग कोणाच्या तरी मोबाइलवर त्यानं तो विमानाचा खेळ पाहिला. फ्लाइट सिम्युलेटर. खुर्चीत बसून विमान उडवायचं, साऱ्या दुनियेत, जिथं म्हणसान तिथं. झालं, डोक्यात किडा शिरला! "मायले वरून गाव दाखवतो. दिसलं का मन भरन तिचं." म्हणलं, अबे, मोबाइलच्या नकाशात दिसते ना, पाणीच पाणी! तं म्हणे, "ते वरून दिसते. मोबाइल खाली नेता येते का? विमान खाली नेता येते." आता ह्याच्यावर काय बोलता, बोला!

पवनीतला कॉम्प्युटरवाला म्हणे, "भाऊ, असेंबल करून घ्या, एकेक पार्ट आपण निवडून बसवू." ईश्वर असा उसळला! "नोको! जुन्या घराचे पार्ट आणून नवं घर असेंबल केलं, अजून दार बसलं नाई भिंतीत! मले रेडीमेड पाह्यजे. बंद पेटी. पूर्ण." म्हणून भंडारा. म्हणून यस्टी. म्हणून माह्या मांडीवर कुलूप.

दुकानात खुशबू नावाची पोरगी होती, गळ्यात हेडफोन, बोलणं म्हणजे चालत्या गाडीतून पॉपकॉर्न फेकून राहिली! "काका, सिम्युलेटरला ग्राफिक कार्ड दमदार लागते, रॅम बत्तीस तरी घ्या, प्रोसेसरवर कॉम्प्रमाइज नको, आणि कूलिंग बघा ना, किती सुंदर!" पेटीले काचेची भिंत, आत पंखे फिरून राहिले, लाल, हिरवे, जांभळे लाइट. बुढी वाकून पाहे अन् म्हणे, "एवढ्या मोठ्या घरात कोणीच नाई?" खुशबूचं पॉपकॉर्न तिथंच थांबलं.

पयले तिनं लहान पेटी लावली. विमान असं उडे जसं खड्ड्याच्या रोडवर बैलबंडी. मंग मोठी लावली. बाप रे बाप! ढग, ऊन, पंखावर चमक! खुशबू म्हणे, "दुबई दाखवू? लंडन दाखवू?" ईश्वर म्हणे, "हिरडबोडी." ती म्हणे, "हे कोणत्या देशात?" मी म्हणलं, ताई, हे आता कोणत्याच देशात नाई! तरी बिचारीनं नदी पकडून पकडून विमान आणलं, ईश्वरनं विमान चालवाची दांडी हातात घेतली, पोट्टा पयल्यांदा सायकलवर बसते तसा घाम... अन् समोर काय? पाणी. निळं, गुळगुळीत, आरशासारखं. बुढी म्हणे, "खाली ने." त्यानं खाली नेलं. "अजून खाली ने." अन् नेता नेता विमान धाडकन पाण्यात! स्क्रीन काळी! बुढी शांतपणे म्हणे, "आता पोहोचलं असन." अन् पिशवीत हात घालून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. ईश्वरचं तोंड तुमी पाहाले पाह्यजे होतं. ते कमरेइतकं पाणी पुन्हा दिसलं त्याले.

त्यानं पुन्हा विमान उचललं. पुन्हा पाणी. खुशबूले काय वाटलं का मालूम, तिनं खेळात सायंकाळ करून देली, म्हणे, "काका, संध्याकाळी पाणी छान दिसते." अन् तेवढ्यात दुकानाची लाइन गेली!

अंधार. मागे टूं टूं करत ते बॅटरीचं यंत्र कोकलून राहिलं. साऱ्या दुकानात फक्त तो एक कॉम्प्युटर चालू, अन् त्याच्यात आमचं विमान. खुशबू म्हणे, "नेट गेलं काका, आता ताजे फोटो येणार नाहीत, पेटीत जुना नकाशा भरला आहे तोच दिसेल..." तिचं बोलणं पुरंबी झालं नाई, अन् तुमाले सांगतो, पाणी गेलं! एका काठापासून असं गुंडाळत गेलं, जशी कोणी सतरंजी उचलली! खाली नदी बारीक, धानशेतीच्या बांद्या, बोडी, आमचं गावतळं... अन् बोडीच्या पाळीले, बांधाले लागून, गाव. घरं. साऱ्या घराईत लाइट लागलेले.

आता मले मालूम हाय, ते घरं खरे नाई, खुशबूनं मंग सांगतलं, नकाशात गाव लिहिलं असलं का खेळ आपल्या मनानं घरं मांडते, लाइट लावते. पण त्या वेळी कोणाले सुचन? बुढीनं बोट ठेवलं स्क्रीनवर. "हे ललिताबाईचं. हे देवळापाशी चिंधूचं. अन् हे आपलं... पाह्य बाबू, आपल्या घरी लाइट हाय." मंग माह्याकडे वळली, "हेमराज, तुह्याबी घरी हाय." मी कायले पाहू? नाई पाहिलं! ... पाहिलं. होता लाइट. मले विचारा, माह्या घरी दिवा लावणारं कोण राहिलं होतं तिथं? माह्या आजीची चिता त्याच बोडीच्या पाळीवर जळाली. बुढी हळूच म्हणे, "सारे इथंच हायत. मंग आपल्यालेच काहून सांगतलं का गाव उठलं म्हणून?"

आता द्या उत्तर! ईश्वरच्या हातात दांडी तशीच, अन् विमान गावावर घिरट्या घालून राहिलं, ना उतरे ना जाये.

अन् लाइन आली. पंखे फिरले, ट्यूबलाइट फडफडला, नेट आलं... अन् पाणी आलं. एकदम नाई! चौकोन चौकोन करत, पयले बांद्या, मंग बोडी, मंग शेवटची आळी. ईश्वर ओरडला, "बंद करा! ताई, बंद करा!" बुढीनं त्याचा हात धरला. "राहू दे." ट्रॅक्टरवर बसवून आणली होती ना तिले, पाणी येताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. शेवटचा लाइट गेला, अन् म्हणे, "हं... आलं." पदरानं तोंड पुसलं. "आता कोणी कायले येईन." अन् उठून उभी राहिली, म्हणे, बस भेटन ना?

तवापासून एकदाबी घर उघडं म्हणली नाई. जेवते, झोपते, पाण्याकडे जात नाई. मी तं त्या दिवशी दुकानातच म्हणलं, चला, काम झालं, कॉम्प्युटर घेऊ नोको! तं ईश्वर काउंटरवर जाऊन उभा. "हाच द्या. मोठावाला." खुशबू म्हणे, "काका, नेट मात्र लावा हं, नाहीतर अपडेट येणार नाहीत." ईश्वर म्हणे, "आमाले अपडेट नोको."

आता मायचं सुटलं अन् त्याले लागलं. संध्याकाळ झाली का बसते त्या पेटीसमोर, गावावरून फिरते, आवाज देते, "हेमराज, ये, पाह्य!" मी जात नाई. मी कायले जाऊ? ... जातो कधी कधी. अन् खरी तक्रार तं पुढंच हाय! पुनर्वसनात इतक्या वर्षांनी नेट आलं. अर्ज केला मी, खांब माह्या अंगणात, नेटचा डबा माह्या भिंतीवर. अन् ईश्वरले भेव, भिंतीपलीकडून त्याची पेटी माह्या डब्यातलं नेट आपोआप ओढून घेईन तं? म्हणून म्हणे, बंद ठेव. बायको ओरडते, पोरगी फोन घेऊन गच्चीवर उभी राहते, म्हणतात, बाबा, एक बटन दाबा ना, एकच! हाव, दाबतो! एक बटनच तं हाय! पण मंग गाव बुडवलं कोणं, हेमराजनं?

राहू द्या बापा. बंदच ठेवतो.