मर्यादवेलीचं फूल

भिवंडीच्या दवाखान्यात सरोजिनीताई नंबरची वाट बघत होत्या. शेजारी कोन गावची एक सासू आणि तिची गरोदर सून रुचिका बसल्या होत्या. रुचिका सासूला म्हणाली,

“आत्या, ती मर्यादवेल टाकून द्या. समुद्रकाठची वेल कुंडीत जगत न्हाय.”

“तुज्या आईनं देवाघरी जाता जाता दिलेली. कशी टाकू?”

“पानं पिवळी पडलीत. बघवत न्हाय.”

“मीच शेणखत घातलं, रोज पाणी वतलं, तेच तिला बाधलं. मंग निस्ती वाळू भरली नि गच्चीवर उन्हात ठेवली. आज जांभळं फूल आलंय.”

“खरंच? सांगितलं न्हाय ते!”

“तुला जिना चढू द्यायचा का, ते डॉक्टरला इचारून मंग सांगनार व्हते.”

“दुपारी मिटतं वो ते फूल!”

“मंग काय करू? नंबर लांब हाय.”

सरोजिनीताईंनी आपलं टोकन रुचिकाच्या हातात ठेवलं.

“पुढचा नंबर माझा आहे, तुम्ही दोघी जा. आणि डॉक्टर हो म्हणाले तरी जिना सावकाश चढ हं.”