हंगाम संपेपर्यंत

रजेसाठी आईच्या मृत्यूचा दाखला लंडनच्या आपल्या ऑफिसला पाठवायला संस्कृती सकाळीच जुळे सोलापूरच्या कुरिअरवाल्याकडे रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं खोकं घेऊन उभं होतं.

“भाकरी टॉवेलात गुंडाळल्यास न्हवं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“व्हय. कडक भाकरी हाय, टिकंल. शेंगाचटणी वेगळी बांधलीया.”

“आरोहीच्या त्या स्वित्झर्लंडच्या गावात भाकरी खाणारी आपली लेक एकटीच असंल.”

“एकटीच. बाकी सगळी बडी माणसं, बर्फावरनं घसरायला येतात. ही हॉटेलात त्यांच्या खोल्यांचं बघती.”

“घसरायचंच तर आपली मोरी काय वाईट हाय?”

“चेष्टा पुरं. सोमवारी तुमचं हार्टचं ऑपरेशन हाय, ते चिठ्ठीत लिहायचं का?”

“न्हाय. एप्रिलपतूर तिचा हंगाम. रजा मिळायची न्हाय, नुसती रडत बसंल तितं. बर्फ वितळला की सांगू.”

“आन् मधीच काय झालं तर?”

“मग तू सांग की.”

म्हातारीनं खोक्याची दोरी परत आवळली. म्हाताऱ्यानं मागं वळून फॉर्म संस्कृतीपुढे धरला.

“ताई, एवढा पत्ता इंग्रजीत लिहून द्या.”

संस्कृतीनं पत्ता लिहिला, त्यांना विचारून आरोहीचा फोन नंबरही लिहिला.

“काका, माझ्या आईनंही आजारपण मला कळवू दिलं नव्हतं. लंडनला माझी नोकरीतली परीक्षा होती. मी आले तेव्हा तिला जाऊन चार दिवस झाले होते.”

म्हाताऱ्यानं फॉर्मवरच्या फोन नंबरावर बोट ठेवलं.

“ताई, तितं आता उजाडलं असंल का?”